आवाज घुमतोय की परत येतोय?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माइकवरचं बोलणं मागच्या रांगांना कळत नाही. साउंडवाला म्हणतो ‘इको’ आहे, इंटिरिअरवाला म्हणतो ‘रिव्हर्ब’ आहे. दोन्ही एकच ना? हॉल १५ बाय ९ मीटर, उंची ५ मीटर. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावावेत का?

उत्तर : एकच नाहीत, आणि तुमच्याकडे बहुधा इंटिरिअरवाला बरोबर आहे.

इको म्हणजे प्रतिध्वनी : मूळ आवाज संपल्यावर तोच शब्द वेगळा, ओळखू येईल असा परत ऐकू येतो. शाळेत त्यासाठी किमान ०.१ सेकंद उशीर आणि भिंत किमान १७ मीटरवर असा हिशेब शिकवतात. बोलण्याच्या बाबतीत मात्र ०.०५ सेकंदाचा उशीरही खटकू लागतो. रिव्हर्ब म्हणजे निनाद : भिंती, छत, फरशी यांवरून आलेली शेकडो परावर्तनं एकमेकांत मिसळून आवाज रेंगाळतो. वेगळा शब्द परत येत नाही, पण आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्यावर पडते. मग ‘सभासदांनी’मधला फक्त ‘आआई’ उरतो, कारण स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली दबतात.

हॉल रिकामा असताना स्टेजवरून एकच कडक टाळी वाजवा. थोड्या अंतराने दुसरी टाळी आली तर इको. ‘झ्झ्झ’ करत विरत गेली तर रिव्हर्ब. ‘टर्रर्र’ आलं तर समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटतोय. शिवाय मागच्या भिंतीवरून येणारा इको वक्त्याला आणि पुढच्या रांगांना छळतो. मागे बसलेल्यांना थेट आवाज आणि परावर्तन जवळजवळ एकदमच मिळतं. तक्रार मागून येतेय, म्हणून आमचा संशय निनादावर.

आवाज विरायला किती सेकंद लागतात, हा हिशेब अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांच्या सूत्राचा. हार्वर्डच्या एका व्याख्यान-दालनात बोललेलं कळत नव्हतं, म्हणून १८९५ पासून गाद्या आत-बाहेर करत त्यांनी ते शोधलं : घनफळाला ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात : आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग असल्यासारखं. तुमचं घनफळ ६७५ घनमीटर. गिलावा आणि टाइल्स मिळून शोषण जेमतेम २० चौरस मीटर धरलं, तर रिकाम्या हॉलमध्ये निनाद सुमारे साडेपाच सेकंद. माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषतो, त्यामुळे शंभर माणसं बसली की तो १.७ वर येतो. भाषणाला एक सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे आणखी ४५ चौरस मीटर शोषण. ५० मिलिमीटर जाडीच्या, कापडात गुंडाळलेल्या ग्लासवूलचे साधारण ५५ चौरस मीटर पॅनेल लागतील. सगळे एकाच भिंतीला ठोकू नका : थोडे मागे, बाकीचे बाजूच्या भिंतींवर पसरून.

अंड्यांचे ट्रे नकोत. पातळ पुठ्ठा फारसं शोषत नाही, थर्मोकोल तर त्याहून निरुपयोगी, आणि दोन्ही आग चटकन धरतात. जाड पडदे चालतील, पण भरपूर चुण्या हव्यात आणि भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून. खर्जाला तेही पुरत नाहीत.

पॅनेल लागेपर्यंत आवाज वाढवू नका, त्याबरोबर निनादही वाढतो. स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांकडे झुकवा, आणि आधी मिक्सरवरचं ‘इको’चं बटण शून्यावर आणा. गाण्यासाठी चढवलेलं ते बटण सभेत तसंच राहतं, आणि दोष बिचाऱ्या हॉलला जातो.

प्रश्न : उघड्या मैदानावर भिंती नसतानाही मागच्या स्पीकरजवळ प्रत्येक शब्द दोनदा येतो. का?

उत्तर : तारेतून सिग्नल तत्क्षणी पोचतो, हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. मागचा स्पीकर पुढच्यापासून ३४ मीटरवर असेल, तर पुढचा आवाज जवळजवळ ०.१ सेकंद उशिरा येतो. मागच्या स्पीकरच्या लाइनला ९९ मिलिसेकंद डिले द्या, वर आणखी १०-१५. मग आवाज स्टेजकडूनच आल्यासारखा वाटतो.