हजार डॉलर डिपॉझिट गेलं तरी चालेल, पण गळका ट्रेलर सही करून घेऊ नका

तुम्ही विचारलंय की ३८,००० डॉलरचा नवा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर) ठरवलाय, १० टक्के डाऊन, बाकी १५ वर्षांचं लोन ९ टक्क्यांनी, आणि डिलिव्हरीआधी बघायला गेलात तर खिडकीखालची भिंत ओली नि स्लाईडआऊट (बाहेर सरकून जागा वाढवणारा भाग) अडकतंय, तर डीलर म्हणतो "आज सही करा, वॉरंटीत करून देतो", नाहीतर १,००० डॉलर डिपॉझिट जाणार. घ्यायचा का?

अजिबात नाही! सही होईपर्यंतच डीलरला तुमची गरज असते हो, एकदा लोन पास झालं की त्याचे पैसे त्याला मिळाले, मग तुम्ही सर्व्हिसच्या रांगेत. वॉरंटी बहुतेक वेळा एकच वर्षाची, सीझनमध्ये पार्ट यायला आठवडेच्या आठवडे जातात, ट्रेलर त्यांच्या यार्डात पडून आणि हप्ता इन्शुरन्स मात्र तुमचं चालूच. दुसऱ्या डीलरकडे न्यावा तर "आमच्याकडून घेतला नाही ना" म्हणून बरेच जण हातच लावत नाहीत. लेमन लॉ (सदोष गाडी बदलून किंवा पैसे परत द्यायला लावणारा कायदा) म्हणाल तर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तो ओढून न्यायच्या ट्रेलरला लागू होत नाही, १९७५ चा फेडरल वॉरंटी कायदा आहे पण तो वकिलाचा रस्ता.

आता आकडे. हप्ता साधारण ३४७ डॉलर, पण पहिल्या वर्षात मुद्दल जेमतेम १,१३० कमी होतं, म्हणजे बाकी ३३,०७० च्या आसपास, आणि ट्रेलरची किंमत वर्षात २० टक्के जरी पडली तरी तो ३०,४०० चा. विकायचा म्हटलं तर २,७०० खिशातून घालायचे, तेही धड ट्रेलरला. आत पाणी मुरलेलं असेल, भिंतीचा थर सुटून फुगला असेल तर कोण देणार ती किंमत? त्यापुढे हजार काहीच नाही, आणि डिपॉझिटचा कागद वाचा आधी, कधीकधी ते परत मिळणारं असतं आणि सेल्समन तोंडी भलतंच सांगतो.

डीलरला मेल करा (फोन नको), की दुरुस्ती झाल्यावर स्वतंत्र इन्स्पेक्टर आणून पाण्याची टेस्ट करणार, मगच सही. इन्स्पेक्टरचे काहीशे डॉलर जातील, जाऊ द्या. आणि फायनान्सवाला एक्स्टेंडेड वॉरंटी पुढे सरकवेल, ती लोनमध्ये घालू देऊ नका, बऱ्याचदा त्यात पाण्याच्या गळतीचं नुकसानच वगळलेलं असतं.