विदर्भात दोन एकरांवर भाजीपाला केला तर वर्षभर काम कसं असतं?

पुण्याची नोकरी सोडून वर्धा जिल्ह्यातल्या घरच्या दोन एकरांत भाजीपाला करावा का आणि वर्षभर काम कसं असतं, असं तुम्ही विचारलंय. मी आर्वी तालुक्यात अकरा वर्षं तेवढ्याच वावरात भाजी पिकवतो, म्हणून लिहितो.

7 जूनच्या आसपास मृग लागतो. पहिल्या सरीला भुलून बी टाकू नका. आपली काळी जमीन वरून ओली दिसते, खाली उन्हाळ्यातल्या भेगा तशाच असतात. ओल वीतभर खाली गेली की मग भेंडी, बरबटी (चवळी) लावा. वांगी-मिरचीची रोपं गादीवाफ्यावर तयार ठेवा आणि उंच वरंब्यावरच लावा. जुलैच्या झडीत बुडाशी पाणी साचलं की मिरची उभ्या उभ्या वाळते.

पेरल्यापासून दीड महिन्यात भेंडीचा तोडा सुरू होतो, आणि खरी मेहनत तिथून. एक दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की भेंडी जून होते, बाजारात कोणी हात लावत नाही. बारीक लव टोचून हातांना खाज सुटते, म्हणून आमच्याकडच्या बाया हातात जुने पायमोजे घालून तोडतात. पोळ्याच्या दिवशीही आम्ही सकाळी तोडा करतो, मग बैल सजवतो. भाजीला सणवार नसतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

वांग्यात रोज एक चक्कर मारा. एखाद्या शेंड्यानं मान टाकलेली दिसली तर तो खुडून चिरून बघा, आत गुलाबीसर अळी सापडेल. असे शेंडे गोळा करून जाळा. आठ दिवस दुर्लक्ष केलं तर तीच पुढे फळात शिरते आणि मग फवारणीनंही हाताला लागत नाही.

दिवाळीच्या सुमारास मजुरांची खरी अडचण येते, आणि ही गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. कापूस फुटला की बाया वेचाईला जातात. तिथं किलोवर पैसे मिळतात, चपळ बाईला आपल्या रोजापेक्षा जास्त सुटतात, मग तिनं तुमच्याकडे का यावं? म्हणून त्या दोन-तीन महिन्यांसाठी घरच्या माणसांना झेपेल तेवढंच लावा. मी सांभार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक दर आठ दिवसांनी एकेक वाफा टाकतो. धने पायताणाखाली हलके रगडून दोन फाकी केले की उगवण एकसारखी होते. हिवाळ्यात सांभारवडीमुळे नागपूरकडे सांभाराला उठावही असतो. एका वर्षी मी हे सोडून अर्धा एकर टमाटर लावले. जानेवारीत सगळ्यांचाच माल एकदम आला, कॅरेटचं भाडंही निघालं नाही, शेवटचे तोडे गुरांपुढे टाकले. तेव्हापासून एका पिकाला वीस गुंठे देत नाही.

रात्रीचीही तयारी ठेवा. आठवड्यातले काही दिवस शेतीपंपाला रात्रीच लाईन असते, थंडीत बॅटरी घेऊन पाणी फिरवावं लागतं. शिवाय रोही (नीलगायी) आणि रानडुकरं. कुंपण होईपर्यंत जागल चुकत नाही.

आता तुमचा निर्णय. उन्हाळ्यात पारा 45 वर जातो, टमाटरचा फुलोरा गळतो, पण ढेमसे, काकडी, गवार तग धरतात आणि मे महिन्यात शेडनेटखालच्या सांभाराला चांगला भाव येतो. ते सगळं पाण्यावर आहे. म्हणून राजीनामा देण्याआधी एकदा मे महिन्यात गावी या, विहिरीवरची मोटर सुरू करा आणि किती वेळात पाणी तुटतं ते घड्याळावर बघा. मग विहीर पुन्हा भरायला किती तास लागतात तेही मोजा. आमची मोटर मे महिन्यात पाऊण तास चालते आणि पुढचे पाच-सहा तास थांबावं लागतं. तेवढ्यावर ठिबकनं दहा गुंठेच निघतात, म्हणून उन्हाळ्यात मी दहाच गुंठे करतो आणि बाकी वावर नांगरून तापू देतो.