आवडीचा खेळ म्हणून राजीखुशीने छडी खाणारे प्रौढ आणि शाळेत छडी खाल्लेली मुलं, यांत फरक तो काय?

फरक 'नाही' म्हणता येण्याचा. तो कायद्याला कळतो, आमच्या काकांना कळत नाही.

गणिताच्या सरांची छडी आम्हीच आणायची. निर्गुडीची ओली फोक, पानं ओरबाडलेली. सुकी आणली तर मोडायची आणि दुसरी आणायला पुन्हा आपणच. पाढा चुकला की "हात पुढे कर". हात मागे घेतला तर दुप्पट. म्हणून तळवा ताठ, अंगठा आत, हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. एकदा मनगटावर बसली, काळानिळा वळ उठला. काका म्हणाले, "हात तूच पुढे केलास ना? सरांनी ओढला तर नाही!"

आजही लग्नकार्यात ते हेच ऐकवतात. वर "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो". सतराचा पाढा त्यांना अजून येत नाही.

भीतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २८ सांगतं. तिच्या आधीच्या भारतीय दंड विधानाचं कलम ८९ मात्र १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाच्या संमतीने केलेलं कृत्य माफ करायचं, मास्तर लोक त्याचाच आडोसा घ्यायचे. संमती बापाची, वळ पोराच्या हातावर. कोर्टाने चोराला फटके देण्याची इंग्रजी शिक्षा आपण १९५५ साली रद्द केली. शाळेतल्या पोरांसाठी जवळजवळ देशभर मनाई यायला शिक्षण हक्क कायदा लागू व्हावा लागला, १ एप्रिल २०१०.

प्रौढांचं म्हणाल तर कुठे, किती, कुठल्या शब्दावर थांबायचं, हे ते आधी ठरवतात आणि छडी थांबवणं खाणाऱ्याच्या हातात असतं. त्यांना ते का आवडतं, ते त्यांनाच विचारा. १८ वर्षांवरच्या माणसाने संमतीने सोसलेली इजा न्याय संहितेचं कलम २५ गुन्हा धरत नाही, मात्र मृत्यू वा जबर दुखापत करायचा हेतू नको आणि तसं होण्याचा संभव ठाऊक असूनही केलेलं नको. सगळीकडे असं नाही. इंग्लंडमध्ये १९९३च्या ब्राउन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) प्रौढांच्या संमतीचा बचाव ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळला.

आणि हो, पाठीचा कणा नि मूत्रपिंडाची जागा यांवर छडी कधीच नको, दारू पिऊन तर नकोच. नशेत काय कबूल केलं ते न समजता दिलेली संमतीही कलम २८ मानत नाही.