उलुवाटूची माकडं

प्रश्न : आम्ही बाराजण, मुलांसह, बालीला निघालोय. उलुवाटू मंदिरातली माकडं चष्मे पळवतात म्हणे. चावलं तर काय करायचं?

उत्तर : चष्मा, टोपी, मोबाइल आत शिरण्याआधीच चेनच्या बॅगेत टाका. पळवलेली वस्तू माकडं बहुधा खाऊ मिळाल्यावरच सोडतात. ती हिसकावू नका, चावा बसतो तो तेव्हाच. तिथल्या रखवालदाराला बोलवा. मुलांचा हात धरून चाला.

चावा किंवा ओरखडा, कितीही किरकोळ असो, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद वगैरे मुळीच नको. बालीत २००८पासून रेबीज आहे, त्यामुळे त्याच दिवशी दवाखाना गाठा. गटातला एकजण सोबत जाईल, सहल थांबायला नको. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. डोसच्या तारखांचा कागद जपा, उरलेले डोस घरी परतल्यावर घ्यावे लागतात.