थॉमस फेअरचाइल्ड हा शास्त्रज्ञ होता की नुसता नर्सरीवाला?

दोन्ही होता. उत्तर खरं तर एवढंच, पण हाच वाद माझा आमच्या साडूंशी झालेला आहे त्यामुळे आता ऐकूनच घ्या.

साडू बॉटनीचे प्रोफेसर, मी नर्सरीवाला. सासुरवाडीच्या एका लग्नात भर पंगतीत म्हणाले, रोपं विकायचा धंदा तो, त्यात सायन्स कसलं आलंय! मग मी जिलबी बाजूला ठेवून फेअरचाइल्डच काढला. लंडनजवळ हॉक्स्टनला त्याची नर्सरी, त्याआधी पोरवयात कापडवाल्याकडे उमेदवारी केलेली, कॉलेजबिलेज काही नाही. या माणसाने १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम या दोन फुलझाडांचा संकर केला, मुद्दाम केलेला आणि नोंद असलेला पहिलाच धरतात तो. झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणारा लिनियस तेव्हा दहा वर्षांचा होता! १७२० ला रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत, नमुना दाखवला गेला. लोक त्या संकराला फेअरचाइल्डचं खेचर म्हणायचे कारण बी धरत नाही, म्हणजे टिकवायचं तर कटिंग लावूनच, म्हणजे परत नर्सरीवाल्याचंच काम. १७२२ ला पुस्तक लिहिलं, लंडनच्या कोळशाच्या धुरात कुठली झाडं तगतात त्यावर. मरताना लंडनमधल्याच शोरडिचच्या चर्चला २५ पौंड ठेवले, दरवर्षी देवाच्या सृष्टीवर प्रवचन व्हावं म्हणून. धंदेवाईक म्हणे!

साडू म्हणाले, तो अपवाद. पुढे एकदा नर्सरीत आले तेव्हा मी जास्वंदीची उद्या उमलणारी कळी सोडवून दाखवली, परागकोश चिमट्याने काढले, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकावरच्या पाच लाल टिकल्यांवर, म्हणजे मादी भागावर, लावले, बटर पेपरची पिशवी, दोऱ्याने टॅग. गप्प उभे राहून बघत होते. आयुष्यभर मेंडेल शिकवला पण स्वतःच्या हाताने एक क्रॉस केलेला नव्हता.

आता झाडांतही नर-मादी असतात हे कॅमेरारियस या जर्मन शास्त्रज्ञाने १६९४ लाच लिहिलेलं, त्यामुळे मूळ कल्पना फेअरचाइल्डची नाही हे मान्य. आणि सगळे नर्सरीवाले शास्त्रज्ञ असतात असंही नाही, आमच्यात लेबल बदलून रोपं खपवणारेही आहेत.

तुम्ही बॉटनी करत असाल तर जरूर करा, पण सुट्टीत कुठल्यातरी नर्सरीत राबा. साडूंच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला अजून सुकलेलीच फुलं देतात, ताजी माझ्याकडून फुकट न्या म्हटलं तर त्यांना कमीपणा वाटतो.