वाचकांचे प्रश्न : पद्मिनीची सीट घरी शिवताना

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुढच्या सलग सीटचं रेक्झिन तडकलंय आणि ड्रायव्हरच्या बाजूला गादी खचलीय. घरी मोटर लावलेलं शिलाई मशीन आहे. काम घरच्या घरी जमेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल. पण रेक्झिन आणायला लगेच नाना पेठ गाठू नका. गादी खचण्याचं कारण बहुतेकदा खाली असतं : स्प्रिंगवरचं गोणपाट फाटतं आणि स्प्रिंग गादीत घुसते. ते तसंच ठेवून नवं कव्हर चढवलं, तर खळगा पुन्हा तिथेच पडणार.

सीट बाहेर काढा, उलटी करून फोटो घ्या. कव्हर अडकवलेल्या तारेच्या कड्या ओढू नका, कटरने तोडा. कव्हरच्या कडेतली लांब तार मात्र जपून ठेवा. गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) मारा. स्प्रिंगवर नवं गोणपाट ताणून बांधा, त्यावर ४० डेन्सिटीचा फोम. स्प्रिंगवर थेट फोम टाकला की तो भुगा होतो.

जुनं कव्हर उसवण्याआधी प्रत्येक शिवणीवर दर १० सेंटिमीटरला आडवी खूण करा आणि तुकड्यांवर नंबर टाका. हीच पुढे जोडणीची खूण. ड्रायव्हरकडचा तुकडा ताणून मोठा झालेला असतो, त्यावरून कापू नका. डावीकडचा तुकडा उलटा ठेवून माप घ्या. शिवणीसाठी सगळीकडे सव्वा सेंटिमीटर सोडा.

उभ्या पट्ट्यांचं डिझाइन हवं असेल, तर आधी रेक्झिन फोमवर ठेवून पट्ट्यांच्या शिवणी मारायच्या, मग तुकडा कापायचा. खाली १० मिलिमीटर फोम असला की प्रत्येक शिवणीत थोडं कापड खाल्लं जातं. आधीच मापात कापलेला तुकडा शेवटी दोन-चार सेंटिमीटर तोकडा भरतो. घरी केलेली बहुतेक कव्हरं इथेच बिघडतात. ५४ इंच पन्ह्याचं रेक्झिन घेताना या पट्ट्यांसाठी वेगळा मीटरभर धरा.

सुई १८ नंबर, दोरा पॉलिएस्टर किंवा बॉन्डेड नायलॉन. सुती दोरा कुजतो. इंचाला ६ टाके पुरे. त्याहून बारीक घातले तर शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. टाचण्या लावू नका, भोकं बुजत नाहीत. कागदाच्या क्लिपा वापरा. रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय बसवा. पायपिंगच्या (शिवणीत घातलेल्या गोल कडेच्या) कोपऱ्यात चार-चार थर येतात, तिथे मोटर बंद करून हातानेच चाक फिरवा. तरीही सुई मोडत असेल, तर तेवढी शिवण सीटवाल्याच्या मशीनवर मारून घ्या, त्यात कमीपणा नाही.

चढवण्याआधी कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा. पावसाळ्यात हेअर ड्रायर. फोमवर पातळ प्लास्टिक टाकलं की कव्हर सरकतं. मधून सुरुवात करा, कोपरे शेवटी, नव्या कड्या दर ५-६ सेंटिमीटरवर. रेक्झिन फोमला चिकटवू नका, सुरकुती पडली तर सोडवता येत नाही.

प्रश्न : गाडी बंद शेडमध्ये असते. पावसाळ्यात सीटच्या शिवणींवर पांढरी बुरशी येते. खोबरेल लावू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नको. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसी प्लास्टिकचा थर, तेल त्यात मुरत नाही, वर नुसती धूळ बसते. सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने शिवण घासा, कोरडी पुसा, उघडीप मिळाली की दारं उघडी ठेवा. थिनर किंवा पेट्रोल तर मुळीच नाही : रेक्झिनचा मऊपणा निघून जातो आणि ते तडकतं.