खारं पाणी शिरलेलं भातशेत आणि दुकानातली ‘मीठ खाणारी’ बाटली

प्रश्न (पेण तालुका): उधाणात बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) फुटून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतात, खारं पाणी आलं. दुकानदार म्हणतो, मीठ खाणारे जिवाणू एकरी पाच लिटर सोडा, वर जिप्सम टाका. टाकू का?

उत्तर: नको. मीठ खाणारा जिवाणू नसतो, तो मिठात तग धरतो. बाहेर खारटपणा वाढला की पेशीतलं पाणी ओढलं जातं. मग काही जिवाणू अंगाभोवती चिकट थर सोडतात, भेंडी चिरताना सुटते त्या तारेसारखा. हा थर पाणी धरून ठेवतो आणि थोडं सोडियम स्वतःला चिकटवून घेतो, त्यामुळे मुळावरचा मारा कमी होतो. रोप उपटून हलकं झटका. मुळाला मातीची बाही चिकटून राहिली, तर त्या चिकटपणाचाही त्यात हात असतो.

पण मीठ शेतातच राहतं. ते फक्त पाऊस नेतो. आधी काठा आणि उघाडी (काठ्यातलं पाणी सोडायचं दार) नीट करा. पहिल्या पावसात नांगरून पाणी तुंबवा आणि ओहोटीला सोडा. असं दोन-तीनदा करा. भरतीला उघाडी उघडी राहिली तर सगळं मुसळ केरात.

बियाणं पनवेल १, २ किंवा ३ घ्या, ही खारात तग धरणारी भाताची वाणं आहेत. मिठाच्या पाण्यात पोचट दाणे काढल्यावर बी गोड्या पाण्यात दोनदा धुवा, सावलीत सुकवा, मग अ‍ॅझोस्पिरिलम (मुळाशी राहणारे जिवाणू, पाकिटातलं जिवाणू खत) किलोला २५ ग्रॅम चोळा. दुप्पट चोळून दुप्पट पीक येत नाही. दुकानदार त्याच पिशवीत स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक देतो, ते जिवाणूच मारतं. एकत्र कालवू नका. युरियातही कालवू नका. पाकिटाची मुदत बघा. मे महिन्यात एका दुकानात पत्र्याखाली रचलेली पाकिटं हाताला गरम लागली, त्यात जिवंत काय उरणार?

जिप्सम चोपण जमिनीसाठी, म्हणजे जिथे मातीच्या कणांनाच सोडियम चिकटलेलं असतं. आपली खार जमीन बहुधा नुसती क्षारयुक्त असते. माती तपासा. सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर त्यावर पैसा घालू नका.

तोच पैसा बांधावर गिरिपुष्प लावायला घाला. चिखलणीत त्याचा पाला गाडला की जिवाणूंना खाद्य मिळतं. उपाशी जिवाणू तार कशाची काढणार? माझा सगळा भर यावर आहे. आणि कापणीनंतर लगेच उथळ नांगरट करा, म्हणजे उन्हाळ्यात मीठ वर चढत नाही.

काठ्याच्या दुरुस्तीचा अर्ज खारभूमी विभागाकडे, बियाण्याचं अनुदान महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

बाटली फोडली नसेल तर बिलासकट परत करा.